पाठीवरची हळद

आबांना लकव्यानं मारलं नाही. पाठीवरच्या जखमेनं मारलं. त्या जखमेला पुस्तकात दाबव्रण म्हणतात, दवाखान्यात बेडसोर म्हणतात, आणि आमच्या गावात तिला नावच नाही. कारण गावात तिच्यानं कुणी मरतच नाही. गावात माणूस वाऱ्यानं मरतो, वयानं मरतो, वेळ आली म्हणून मरतो.

हे मी हिंगोलीत बोलले, औंढ्याच्या बाजारात बोलले, शिरड शहापूरला बचतगटाच्या बायांपुढं बोलले. माझं कामच ते आहे. आमची संघटना आरोग्याच्या हक्कांवर पत्रकं काढते, मी ती वाटते, आणि पत्रकात न मावणारं तोंडानं सांगते. माझं बोलणं लोकांना टोचतं. टोचू द्या. पण हट्ट्याच्या पुढं आमचं गाव आहे, तिथं मात्र हे वाक्य माझ्या तोंडातून निघत नव्हतं. तिथं माय राहते. आणि ते वाक्य पुरतं बोलायचं तर जखम कशी झाली, तेही बोलावं लागतं.

आबा हळदीचे शेतकरी. शिजत्या हळदीत काडी खुपसून, ती किती सहज जाते यावर 'उतरवा' की 'राहू द्या' ते सांगणारे. लोक त्यांना आपापल्या खळ्यावर बोलावून न्यायचे. त्या वर्षी हळद वाळत घातलेली असतानाच ते खळ्यावर बसल्या जागी कलंडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे तेवढे पूर्वीसारखे, सगळं बघणारे.

शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. जीव वाचला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. सुट्टी देताना गोळ्यांची चिठ्ठी समजावली, मीठ कमी करा म्हणाले, हाताच्या व्यायामाची चित्रं छापलेला कागद दिला. माणूस आता स्वतःहून कूस बदलणार नाही, तर त्याची कातडी कशी सांभाळायची, याबद्दल एक अक्षर कुणी बोललं नाही. मायला तर कुणी मोजलंच नाही. चिठ्ठी माझ्या काकाच्या हातात दिली, कारण तो पुरुष होता. त्यानं ती खिशात घातली आणि गाडी बघायला गेला. पुढचे सगळे महिने आबांचं अंग ज्या बाईच्या हातात राहणार होतं, ती दवाखान्याच्या पायरीवर पिशव्या सांभाळत बसली होती.

मग तिनं तिला जे ठाऊक होतं ते केलं. आमच्याकडं लकव्याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. वारं गेलं म्हणजे पुन्हा वारं लागू द्यायचं नाही. खिडकी बंद, पंखा बंद, अंगावर गोधडी. अंथरूण खराब होऊ नये म्हणून खाली हळद झाकायच्या प्लास्टिकचा तुकडा. उन्हाळा चालू. आबांच्या पाठीखाली घामाचं तळं व्हायचं, माय ते पुसायची आणि पुन्हा पांघरूण घालायची.

आणि हळद. घरची हळद ती. विकायच्या आधी सगळ्यात ठसठशीत हळकुंडं माय बाजूला काढते आणि घरापुरती वेगळी दळून आणते. ती करडईच्या तेलात कोमट करायची आणि सकाळ-संध्याकाळ आबांना कुशीवर घेऊन पाठ चोळायची. जिथं हाड वर आलेलं, माकडहाड, कंबरेचा खुबा, टाचा, तिथं जास्त जोर. तिचा हिशोब साधा होता. पडून पडून रगत थिजतं, चोळलं की फिरतं. हळद तर कशालाही चालते. कापलं, हळद. मुरगळलं, हळद. लेकरू झालं, हळद. ज्या घराच्या भिंतींनाही हळदीचा वास आहे, त्या घरात दुसरं काय सुचणार?

मला आठवड्यातून एखाद वेळ घरी जायला मिळायचं. मी आबांशी बोलायची, त्यांना भरवायची, आणि माय म्हणायची, पाठ माझ्यावर सोड, तुला जमायचं न्हाई. लेकीनं बापाचं अंग उघडं बघू नये, असंही तिच्या मनात असणार. तसं ती बोलली नाही कधी.

भेटायला लोक यायचे. आजाऱ्याला भेटायला जाणं हे आमच्याकडं लग्नाला जाण्याइतकंच गरजेचं, आणि आलेल्या माणसापुढं आबांनी आडवं असणं मायला बरं दिसायचं नाही. माणूस दारात दिसला की ती आबांना उचलून भिंतीला टेकवून बसवायची, उशा लावायची, टोपी घालायची. आबा हळूहळू खाली घसरायचे. ती पुन्हा वर ओढायची. पुन्हा घसरायचे. त्या घसरण्यात कातडी चादरीला चिकटून मागं राहते आणि हाड पुढं सरकतं, आतल्या आत मांस फाटतं, हे आता मी बायांना माझ्याच हातावरची कातडी ओढून दाखवते.

आबांचे एक मित्र होते, खळ्यावरचे जोडीदार. ते यायचे आणि खाटेच्या काठावर बसून बोलायचे, कारण आबा बोलत नव्हते म्हणून दोघांचं त्यांनाच बोलावं लागायचं. एकदा मायला तेल-हळद घेऊन येताना बघून म्हणाले, "मजा हाय राव तुमची. आमाला नवरदेव असताना बी एवढी हळद लागली न्हाई." आबांचा अर्धा चेहरा हसला. माय तोंडाला पदर लावून हसली. मी पण हसले. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसू असावं, किंवा नंतरचं मला आठवत नसेल.

बाया मायचं कौतुक करायच्या. काय सेवा करती, पाठ कशी सोन्यावाणी पिवळी ठिवली. आणि माझ्याकडं बघून म्हणायच्या, लेक गावोगाव पत्रकं वाटत फिरती, माय मरमर मरती. मी ऐकून घ्यायची. मायला ते कौतुक हवं होतं. दिवसभरात तिला दुसरं काही मिळत नव्हतं.

आता सोपं करून सांगते, कारण हे सोपंच आहे. हाड आतून दाबतं, खाट बाहेरून दाबते. मधल्या मांसाला रक्त पोचत नाही. तुम्ही-आम्ही बसल्या बसल्या नकळत बूड हलवतो, झोपेत कूस बदलतो. ते कुणी शिकवलेलं नसतं. ज्याला हलता येत नाही त्याचं मांस तिथंच उपाशी मरतं, काही तासांतसुद्धा. आणि उपाशी मेलेल्या मांसावरची कातडी चोळली की ती आतून सुटते. चोळून रक्त फिरत नाही. जे थोडंफार धरून होतं, तेही तुटतं.

आमच्याकडं या विषयावर एक पत्रक होतं. 'त्वचा लालसर दिसू लागल्यास सावध व्हा.' वर चित्र, गोरा माणूस, पाठीवर गुलाबी डाग. कुणासाठी छापलं होतं ते? आबा काळेसावळे, जन्मभर उन्हात रापलेले. त्यांच्या पाठीवर लाल काही दिसत नसतं. तिथं कातडी आधी नुसती जराशी गडद होते, जांभळट होते, ताणल्यासारखी चमकते. आजूबाजूपेक्षा गरम लागते, नाहीतर गार. दगडासारखी कडक लागते, नाहीतर पिकल्या फळासारखी बुळबुळीत. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. आणि ही सगळी पाठ हळदीनं पिवळी. रोजच्या लेपानं ती इतकी रंगली होती की साबणानं धुतली तरी पिवळीच. जे गडद व्हायला लागलं, ते सगळं त्या रंगाखाली गेलं. माझ्या मायसारखी डोळ्यांत तेल घालून जपणारी बाई रोज त्या जागेवर हात फिरवत होती आणि तिला काही दिसत नव्हतं.

आधी वास आला. मायला वाटलं उंदीर मेला. तिनं कणग्या हलवल्या, धान्याची पोती ओढून झाडलं, मोरी फिनेलनं धुतली, उदबत्त्या लावल्या. मी गेले तेव्हा घरात उदबत्ती, फिनेल आणि त्याखाली तो वास. मी असल्या घरांतून फिरलेली. मला खाटेपाशी जायच्या आधी कळलं. 

मी मायला चहा ठेवायला पाठवलं. आबांना कुशीवर घेतलं. कोमट पाण्यात फडकं बुडवून माकडहाडावरचा लेप ओला करून काढला. खाली जांभूळ वाळावं तसा काळा पापुद्रा होता, तळहाताएवढा, कडेनं पिवळी हळद आणि पिवळा पू, दोन्ही एकमेकांत. बोट लावलं तर आत पोकळ लागलं. आबा भिंतीकडं बघत होते. मी त्यांना विचारलं, आबा, दुखतंय का? त्यांनी डोळे मिटले. ते हो होतं की नाही होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दुसऱ्या दवाखान्यात नेलं, तिथं काळं मांस कापून काढलं तेव्हा खड्डा झाला, आणि खड्ड्याच्या तळाला पांढरं हाड. मायनं ते बघितलं. बघून ती खाली बसली नाही, रडली नाही. तिनं डॉक्टरला विचारलं, हे एका दिवसात कसं काय झालं? डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे असतील, थकलेले. त्यांनी सरळ विचारलं, "पाठीला काय लावत होता?"

मायनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "काही नाही. पावडर."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या हातमोज्यांची बोटं पिवळी झाली होती.  नंतर बाहेर व्हरांड्यात मला त्यांनी सगळं सांगितलं: दाब, ओल, घसरणं, चोळणं. हळदीनं जखम केली नाही, हळदीनं झाकली, म्हणाले. केली ती बाकीच्या गोष्टींनी. मी विचारलं, मग पहिल्या दवाखान्यात हे कुणी काहून सांगितलं नाही? ते म्हणाले, सांगायला पाहिजे होतं. इतकंच. भांडायला गेलेल्या माणसाला समोरच्यानं एकदम मान्य केलं की भांडण हातात तसंच राहतं. माझ्या हातात ते अजून आहे.

पुढचे महिने आम्ही ते केलं जे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. दर दोन तासांनी कूस. डावीकडं, मग उजवीकडं, पाठीवर अगदी थोडा वेळ. दोन गुडघ्यांमध्ये उशी. चादरीला सुरकुती नाही. खिडकी उघडी. मिठाच्या उकळलेल्या पाण्यानं जखम धुणं, दवाखान्यानं सांगितली तीच पट्टी. कुणीतरी मधे भोक असलेली रबरी चकती आणून दिली, ती मी परत पाठवली, कारण ती कडेकडेचंही रक्त अडवते. मांस भरायला प्रथिनं लागतात म्हणून घरात अंडी आली. मायनं आयुष्यात अंड्याला हात लावलेला नव्हता. तिनं अंगणात वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं घेतलं, आणि तोंड फिरवून अंडी उकडली. सोलताना मात्र तोंड फिरवून चालत नाही. ती सोलायची.

तेल-हळद मी बंद केली. मायनं कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, पट्टी भिजते. खोटं नव्हतं ते. पण तिला खरंही मिळालं नाही. ती मग आबांचे हातच चोळत बसायची. हातांना चाललं, हातांना काही होत नाही.

जखम कडेनं भरायला लागली होती. गुलाबी, दाणेदार, जिवंत मांस. मी त्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. आणि मग आतून कुठूनतरी विष रक्तात गेलं. ताप चढला, हुडहुडी भरली, आबा कुणालाच ओळखेनात. पुढच्या हंगामाची हळद जमिनीतच होती तेव्हा ते गेले. कागदावर लकवा लिहिलं.

दिवसांना आलेल्या बायांना माय एकच सांगायची. वाऱ्यानं नेलं. दैवापुढं काय चालतंय. आणि मग थोडं थांबून, जरा ताठ होऊन म्हणायची, "पण पाठीवर हात फिरवायचा एक दिवस म्या चुकू दिला न्हाई." बाया म्हणायच्या, व्हय बाई, सगळ्या गावानं पाह्यलं. मी तिथंच बसलेली असायची. ज्या बाईचं सगळं गेलं, तिच्याजवळ एवढं एक वाक्य उरलं होतं. ते मी काढून घेऊ? कोणत्या तोंडानं?

म्हणून मी बाकी सगळीकडं बोलत राहिले. नवीन पत्रक मी लिहिलं, त्यात सावळ्या पाठीचं चित्र मी भांडून घालायला लावलं. चोळू नका, हे मोठ्या अक्षरात. हे पत्रक आमच्या गावात मी वाटलं नाही. आमच्या गावाला काय गरज नव्हती? होती. सगळ्यात जास्त होती.

मग शेजारच्या गल्लीतली म्हातारी पडली. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करायला घरचे तयार झाले नाहीत, आणि ती खाटेला लागली. मी घरी गेले तेव्हा माय घरात नव्हती. चुलीजवळ करडईच्या तेलाची बाटली दिसली नाही. मी शेजारी विचारलं तर म्हणाले, अग ती रोज जाती की, म्हातारीची पाठ चोळायला. सून नवी हाय, तिला कुठं जमतंय. तुझ्या मायचा हात गावात एक नंबर.

मी तिथं पोचले तेव्हा म्हातारीला कुशीवर घेतलेलं होतं. सून म्हातारीचं डोकं धरून बसलेली. मायच्या ओंजळीत तेल-हळद, बाही वर खोवलेली. कितीतरी दिवसांनी मी तिच्या तोंडावर तसली कामाची कळा बघत होते.

मी म्हणाले, "माय, थांब."

ती थांबली. मी म्हातारीला जरा वर उचलून, तिच्या न मोडलेल्या खुब्यावर, ज्याच्यावर ती सगळा वेळ पडून राहत होती तिथं, बोट टेकवलं. आधी आजूबाजूला टेकवलं, मग तिथं. जागा गरम होती, जराशी घट्ट. बोट दाबून उचललं तर बोटाचा ठसा फिका उमटायला पाहिजे आणि मग रंग परत यायला पाहिजे. इथं काही हललं नाही. दाबायच्या आधी जशी गडद होती तशीच दाबल्यावर. मी सुनेचा हात घेतला, तिला तिच्या स्वतःच्या दंडावर दाबून दाखवलं, मग म्हातारीच्या खुब्यावर. तिला फरक कळला. ती हुशार होती. तिनं विचारलं, मग आता?

आता इथं कुणी चोळायचं नाही, मी म्हणाले. या कुशीवर निजवायचं नाही. लेप नाही, रोज धुऊन, टिपून, उजेडात बघायचं. उद्या दवाखान्यात दाखवायचं. हे आत्ता सापडलं म्हणून बरं होईल. चोळलं तर आतून सडेल.

मी हे सगळं सुनेकडं बघून बोलत होते. माय माझ्या डाव्या बाजूला होती. तिच्या ओंजळीतलं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं आणि ती ते थांबवत नव्हती.

"तुला हे कवा कळलं?" ती म्हणाली.

मी म्हणाले, "आबांच्या वेळेला."

म्हातारी भिंतीकडं तोंड करून कण्हत होती. सून खाली बघत होती. मग माय बोलली, पण माझ्याशी नव्हे.

"म्या चोळताना ते चांगल्या हातानं माझं मनगट धरायचे," ती म्हणाली. "रोज धरायचे. घट्ट. मला वाटायचं, बरं वाटून राह्यलंय. म्या म्हनायचे, सोडा आता, लेक बघंल."

मला हे माहीत नव्हतं. पाठ चोळताना मी कधी तिथं नसायची. मी तिचा हात धरायला गेले, पण हात तेलकट होता, निसटला. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणाले, तुला कुणी सांगितलंच नव्हतं, माय. तिनं मान हलवली. व्हय म्हणून की न्हाई म्हणून, कुणास ठाऊक.

तिनं ओंजळ मोरीत रिकामी केली. साबण मागितला. नखांतलं पिवळं निघेना म्हणून दोनदा हात धुतले, पदराला पुसले, आणि परत येऊन खाटेच्या पलीकडं उभी राहिली.

"या कुशीवर ठिवायचं न्हाई म्हनतेस ना," ती म्हणाली. "मग धर तिकून. ओढू नको, उचल."